गोवर्धनच्या विणकरांची पेढी

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात एक हिशेब कोरलेला आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्खुसंघाला दिले आणि त्यासोबत तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली. लेखातला काळ आहे वर्ष 42, महिना वैशाख. ही ठेव राजाच्या कोठारात गेली नाही, कुणा सावकाराकडेही गेली नाही. ती गेली गोवर्धन गावातल्या दोन ‘कोलिक-निकायां’कडे, म्हणजे विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण, शेकडा एक दराने; दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. उरलेल्या हजारांचे व्याज ‘कुशाणमूला’साठी, भिक्खूंचा किरकोळ खर्च असा त्याचा अर्थ लावला जातो.

व्याजाचा दर महिन्याचा की वर्षाचा, हे लेखात सांगितलेले नाही. पण गणित मांडले की उत्तर आपोआप मिळते. दर वर्षाचा धरला तर दोन हजारांवर वीसच कार्षापण हाती येतात, एका भिक्खूच्या वाट्याला एक. महिन्याचा धरला तर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस जणांत वाटले की बरोबर बारा. म्हणजे आजच्या भाषेत एक श्रेणी वर्षाला बारा टक्के देत होती आणि दुसरी नऊ टक्के. त्याच लेखात पुढे पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचे नाणे, असा भावही दिला आहे. त्या भावाने ही ठेव सुमारे शहाऐंशी सुवर्णांची होते.

गोवर्धन आजही आहे, नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूरजवळ, गोदावरीच्या काठी. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात ते एका ‘आहारा’चे, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. तिथल्या विणकरांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. त्यांचे माग, त्यांचे कापड यांतलेही काही उरलेले नाही. तरी राजाच्या जावयाने आपले पुण्य ‘अक्षय’ राहावे म्हणून त्यांच्यावर भरवसा टाकला, एवढे दगडावर उरले आहे. वर्षभर ही मंडळी नेमके काय करत होती आणि एवढी पत त्यांनी कशाच्या जोरावर कमावली, हे पाहण्यासारखे आहे.

सुताची टंचाई

कापडाच्या धंद्यात माग सगळ्यांच्या नजरेत भरतो, पण धंदा अडतो सुतापाशी. कापूस वेचायचा, सरकी काढायची, पिंजायचा, पेळू वळायचे आणि मग कातायचे. त्या काळी हे कातणे चातीवर चाले. मातीची छोटी चकती लावलेली काडी फिरवत बोटांनी धागा ओढायचा. अशा मातीच्या चकत्या जुन्या वस्त्यांच्या उत्खननांत सापडत आल्या आहेत. रहाट फार पुढचा. त्याच्या सुरुवातीच्या स्पष्ट उल्लेखांपैकी एक इसामीच्या ‘फुतूह-उस्-सलातीन’ या चौदाव्या शतकातल्या फारसी काव्यात आहे आणि ते बहमनी राजवटीत दख्खनमध्येच लिहिले गेले. रहाट येण्यापूर्वी एका मागाला पुरेल एवढे सूत निघायला कित्येक हातांना दिवसभर चाती फिरवावी लागे.

हे हात बहुतेक बायकांचे असत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सूत्राध्यक्ष’ नावाच्या अधिकाऱ्यावर एक अख्खे प्रकरण आहे. ती सरकारी सूतशाळेची व्यवस्था होती, श्रेणीची नव्हे. पण कातणाऱ्यांचे जग इतक्या बारकाईने दुसरीकडे क्वचितच दिसते. लोकर, झाडाच्या सालीचे तंतू, कापूस, सावरीचा कापूस, ताग आणि जवस यांचे सूत कोणाकडून कातून घ्यावे, याची यादीच तिथे दिली आहे. विधवा, अपंग स्त्रिया, मुली, संन्यासिनी, दंड कामातून फेडणाऱ्या बायका, वय झालेल्या राजदासी, देवळातली सेवा संपलेल्या देवदासी. ज्यांना आधार नाही आणि वेळ आहे, अशांची ही यादी आहे. मजुरी सुताच्या पोतावर ठरे, तलम, मध्यम की जाडेभरडे यावर. शिवाय किती कातले तेही बघितले जाई.

घराबाहेर न पडणाऱ्या बायकांकडे दासीच्या हातून कापूस पाठवायचा आणि सूत आणवायचे, असे हा ग्रंथ सांगतो. ज्या स्वतः सूतशाळेत येत, त्यांच्यासाठी नियम कडक होते आणि ते अधिकाऱ्यांना लागू होते. देवघेव पहाटेच उरकायची. दिवा लावायचा तो सूत पाहण्यापुरता. बाईच्या तोंडाकडे बघितले किंवा कामाशिवाय दुसरे बोलणे काढले तर दंड. मजुरी द्यायला उशीर केला तर त्याहून मोठा दंड. उलट मजुरी घेऊन काम न करणाऱ्या बाईला मात्र अंगठा कापण्याची भयंकर शिक्षा होती. बायकांच्या अब्रूची काळजी आणि त्यांच्या बोटांवरची मालकी, दोन्ही एकाच प्रकरणात शेजारी शेजारी आहेत. श्रेणींच्या सभासदांत या कातणाऱ्या बायका धरल्या जात, असे कुठे दिसत नाही. विणकरांची संघटना त्यांच्या सुतावर उभी होती. संघटनेचे नाव आणि मान मात्र विणणाऱ्यांकडे गेला.

दहा पलांचे अकरा पल

विणकराच्या हाती सूत आले की पहिला प्रश्न वजनाचा. सूत दुसऱ्याचे, कापडही दुसऱ्याचे. मधे विणकराने थोडे सूत काढून ठेवले तर कळायचे कसे? उत्तर तराजूत होते. विणण्यापूर्वी ताण्याला खळ लावावी लागते, नाहीतर धागे घासून तुटतात. खळ लागली की वजन वाढते. म्हणून मनुस्मृती सांगते, दहा पल सूत घेणाऱ्या विणकराने अकरा पल कापड द्यावे, नाहीतर दंड भरावा. अर्थशास्त्रातही दहाला अकरा हेच प्रमाण आहे.

याज्ञवल्क्य स्मृती याहून बारकाईने बघते. जाड सुती किंवा लोकरी कापडाला शंभर पलांमागे दहा पलांची वाढ, मध्यम पोताला पाच पलांची, तलमाला फक्त तीन पलांची. तलम धागा खळ कमी धरतो आणि त्याच्या कापडात खळ दडवायला जागाही कमी. नियम करणाऱ्याच्या कानाशी कुणीतरी विणकर बसला असावा, इतका हा भेद धंद्यातला आहे. मजुरीचेही तसेच. अर्थशास्त्राप्रमाणे सुती कापड विणायची मजुरी सुताच्या किमतीएवढी, जवसाच्या आणि कोशाच्या धाग्याला दीडपट, कांबळी आणि दुकूलासारख्या उंची वस्त्रांना दुप्पट.

अशा नियमांचा खरा उपयोग राजापेक्षा श्रेणीला अधिक होता. एका विणकराने खळीत माती मिसळली किंवा पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, दोन बोटे चोरली की बदनामी सगळ्या गावच्या कापडाची होते. आणि दख्खनचे कापड केवळ आठवडी बाजारापुरते नव्हते. ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातले ग्रीक व्यापाऱ्याचे टिपण सांगते की पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर होते आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर. खडतर वाटांनी गाड्या भरून माल भडोच बंदराकडे जाई. त्यात तेरकडून येणारे साधे कापड पुष्कळ आणि तलम मलमलीचे नाना प्रकार असत. इतक्या दूरच्या गिऱ्हाईकाला विणकराचा चेहरा माहीत नसतो. त्याला गाव माहीत असते आणि गावच्या मालाचा लौकिक.

श्रेणीचा घरचा कायदा

श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. जातककथांत अठरा श्रेणींचा उल्लेख ठरीव शब्दांत येतो आणि सुतार, लोहार, चामड्याचे काम करणारे, चित्रकार यांची नावेही येतात. श्रेणीच्या आपल्या रूढी असत. धर्मशास्त्रकार राजाला बजावतात की या रूढी त्याने पाळाव्यात आणि पाळायला लावाव्यात. बृहस्पतीच्या नावावरच्या स्मृतीत संघाचा कारभार पाहायला दोन, तीन किंवा पाच ‘कार्यचिंतक’ नेमावेत असे सांगितले आहे. याज्ञवल्क्य तर आणखी पुढे जातो. जो संघाचे द्रव्य लाटेल किंवा संघाचा करार मोडेल, त्याचे सर्वस्व काढून घेऊन त्याला देशाबाहेर घालवावे. ही स्मृतिवचने गोवर्धनच्या लेखाच्या नंतरची आहेत. पण ती कोरी कल्पना नव्हेत. आधीपासून चालत आलेली वहिवाट त्यांत बांधलेली दिसते.

धंदा पुढच्या पिढीकडे जायचा तो शागिर्दीतून. शिकणारा मुलगा गुरूच्या घरी राही, त्याच्याकडेच जेवे आणि त्याच्या हातून जे तयार होई ते गुरूचे. काम लवकर शिकला तरी ठरलेली मुदत पुरी केल्याशिवाय निघता येत नसे. आजच्या कानाला हे जाचक वाटेल. पण कच्च्या हाताने वाया घालवलेले सूत, मोडलेली फणी, पहिल्या वर्षांतले न खपणारे कापड, हा सगळा खर्च गुरू सोसत असे आणि मुलगा तयार झाल्यावर तो वसूल करून घेई.

एकत्र केलेल्या कामाचा पैसा कसा वाटायचा, याचेही सूत्र बृहस्पतीने दिले आहे. शिकाऊ, जाणता, कुशल आणि आचार्य अशा चार पायऱ्या. त्यांचे वाटे एक, दोन, तीन आणि चार. म्हणजे आचार्याला शिकाऊच्या चौपट, त्याहून जास्त नाही. वरच्या आणि खालच्या माणसातले अंतर आधीच ठरवून टाकले की रोजच्या भांडणांना जागा राहत नाही.

ठेव विणकरांकडेच का?

आता त्या तीन हजार कार्षापणांकडे वळू. विणकराला कायमची ठेव कशाला हवी, हे त्याच्या वर्षाच्या चक्रातून कळते. कापूस येतो तो पावसाळा सरल्यावर, थोड्या महिन्यांत. तेव्हाच घेऊन ठेवला तर भाव बरा मिळतो. कापड मात्र वर्षभर थोडे थोडे विणले जाते आणि पैसे येतात ते त्याहून उशिरा. या मधल्या काळात विणकराला एक तर उसने घ्यावे लागते नाहीतर दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने राबावे लागते. अर्थशास्त्र आणि मनू दोघेही कर्जाला महिन्याला शेकडा सव्वा, म्हणजे वर्षाला पंधरा टक्के हे न्याय्य व्याज मानतात. व्यापारी कर्जाला अर्थशास्त्र महिन्याला शेकडा पाचांपर्यंत जाऊ देते. जंगलवाटेच्या व्यापाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. त्यापुढे बारा आणि नऊ टक्क्यांचा, कधीच न फेडायचा पैसा म्हणजे विणकरांच्या दृष्टीने मोठेच भांडवल. देणाऱ्याला पुण्य मिळाले, भिक्खूंना चिवर मिळाले आणि श्रेणीला कापूस घ्यायला रोकड मिळाली.

एकाच गावात विणकरांच्या दोन श्रेणी होत्या आणि उषवदाताने पैसा दोघींत विभागला, यावरून त्याची सावधगिरी कळते. दोघींचे दर वेगळे आहेत, यावरून सौदा झाला असावा असे दिसते. सरकारने ठरवलेला एकच दर असता तर पाऊण कुठून आला असता? ज्या श्रेणीने कमी दर कबूल करून घेतला तिला पैशाची निकड कमी असेल, किंवा तिच्यावरचा विश्वास अधिक असेल. दोन्हींतले काहीही असले तरी तिला घासाघीस करता येत होती, असे दिसते.

आणि कागदपत्र? तेही होते. हा सगळा व्यवहार ‘निगमसभे’त, म्हणजे नगराच्या सभेत जाहीर केला आणि रूढीप्रमाणे फलकावर नोंदवला, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. लेण्यातला लेख म्हणजे त्या नोंदीची कायम दिसणारी प्रत. मूळ फलक लाकडाचे असावेत. ते केव्हाच गेले. कायद्याचीही पाठराखण होती. श्रेणीच्या हमीवर कारागिरांनी ठेव घ्यावी आणि त्यांच्यावर संकट आले तर ती ठेव श्रेणीने भरून द्यावी, असा अर्थशास्त्राचा नियम आहे. एकटा विणकर मरेल, पळेल, कर्जात बुडेल. पण त्याच्या मागे अख्खी श्रेणी उभी असेल तर ठेवीदाराला घोर नाही.

गोवर्धनचे विणकर यात एकटे नव्हते. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी नाशिकच्याच श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत तेल गाळणारे होते, पाण्याची यंत्रे करणारे होते. जुन्नरच्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने स्वतःच सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले आहे. बुरूडकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडच्या ठेवींचाही उल्लेख तिथे आहे. मथुरेला कुषाण राजा हुविष्काच्या काळात, वर्ष 28 मध्ये, पीठ दळणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि आणखी एका श्रेणीकडे साडेपाचशे-साडेपाचशे पुराण, म्हणजे चांदीची नाणी, ठेवली गेली. व्याजातून ब्राह्मणभोजन आणि दारी येणाऱ्या भुकेल्या-तहानेल्यांसाठी सातू, मीठ, पाणी. धर्म कोणताही असो, पैसा सांभाळायला लोक कारागिरांकडे जात होते.

राजा बदलला तेव्हा

‘अक्षय’ हा शब्द ठेवीला लावणे सोपे; तो निभावणे अवघड. उषवदाताच्या सासऱ्याचे राज्य फार टिकले नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे 1906 साली नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने पुन्हा स्वतःचा छाप मारलेला आहे. चांदी तीच, मालक बदलला.

जमिनीचेही तसेच झाले. राज्याच्या अठराव्या वर्षी सातकर्णीने पांडवलेण्यांतल्या भिक्खूंना दोनशे निवर्तने शेत दिले, तेव्हा त्याच्या आज्ञेत त्या शेताची ओळख आजवर उषवदाताने उपभोगलेले शेत अशी करून दिली आहे. जमीन राजाच्या एका हुकुमाने इकडची तिकडे जात होती. श्रेणीकडची ठेव अशी हलवणे कठीण होते. ती आता कापसात, सुतात, मागावरच्या कापडात आणि कितीतरी घरांच्या उधारीत पसरलेली असणार. तिला एकच चावी असलेले कोठार नव्हते. नव्या राजालाही कर हवा होता आणि तो चालू मागांतून येणार होता. श्रेणी मोडून त्याच्या हाती काही लागले नसते. ठेवीसाठी विणकर निवडताना उषवदाताच्या मनात एवढा हिशेब असेल-नसेल, पण निवड शहाणपणाची होती.

श्रेणी गाव सोडते

श्रेणीचा जोर गावावरही अवलंबून नव्हता, हे दशपूरच्या विणकरांनी दाखवून दिले. आजचे मध्य प्रदेशातले मंदसौर ते हेच दशपूर. लाट देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेतून, रेशमी वस्त्रे विणणाऱ्या ‘पट्टवायां’ची एक श्रेणी कुटुंबकबिल्यासह तिथे येऊन स्थायिक झाली. गुप्त सम्राट कुमारगुप्ताचा मांडलिक बंधुवर्मा दशपूरवर राज्य करत असताना, मालव संवत 493 मध्ये, म्हणजे इ.स. 436 च्या सुमारास, त्यांनी आपल्या कमाईतून सूर्याचे भव्य मंदिर बांधले. पुढे त्याचा काही भाग ढासळला. संवत 529 मध्ये, सुमारे छत्तीस वर्षांनी, त्याच श्रेणीने त्याचा जीर्णोद्धार केला आणि वत्सभट्टी नावाच्या कवीकडून सगळी हकिगत संस्कृत काव्यात रचून घेतली.

या काव्यात श्रेणीच्या मालाची जाहिरातही बेमालूम बसवली आहे. तारुण्य असो, हार असो, विडा असो की फुले. रेशमी वस्त्रांची जोडी अंगावर आल्याशिवाय स्त्रीचा साज पुरा होत नाही, अशा अर्थाचे एक पद्य त्यात आहे. त्याहून महत्त्वाची माहिती अशी की दशपूरला आल्यावर सगळेच मागावर बसले नाहीत. कोणी धनुर्विद्येत रमले, कोणी कथा सांगू लागले, कोणी धर्मचर्चेत, कोणी ज्योतिषात. काहीजण आपल्या विणकामातच राहिले. तरीही मंदिर बांधताना आणि पुढे दुरुस्त करताना ते सगळे स्वतःला श्रेणीच म्हणवतात.

ही गोष्ट अपवाद नसावी, असे त्याच काळातला एक ताम्रपट सुचवतो. उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरजवळ मिळालेला हा ताम्रपट स्कंदगुप्ताच्या काळचा, इ.स. 465 च्या सुमाराचा. एका ब्राह्मणाने सूर्यमंदिरातल्या दिव्यासाठी इंद्रपूरच्या तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवली. श्रेणीने रोज दोन पल तेल द्यायचे. करारात एक तरतूद आहे. श्रेणी हे गाव सोडून दुसरीकडे गेली, तरी जोवर तिच्यात एकी आहे तोवर ठेव तिचीच. ठेवीदाराला गावाची हमी नको होती. माणसे एकमेकांना धरून राहतील, एवढी एकच हमी त्याने मागितली.

पत कशाने आटली

सहाव्या-सातव्या शतकांनंतर श्रेणींकडे अशा ठेवी ठेवल्याचे उल्लेख विरळ होत जातात. दान देणारे राजे आता ताम्रपटांवर गावेच्या गावे, शेते, त्यांवरचा महसूल लिहून देऊ लागतात. दूरचा व्यापार मंदावला, नाणी कमी पडू लागली, काही नगरे ओस पडली, अशी कारणे इतिहासकार देतात आणि त्यांवर त्यांचा वादही चालू आहे. विणकर मात्र कुठे गेले नाहीत. कापड विणले जातच राहिले, त्याची कीर्तीही वाढत गेली. बदलला तो पैशाचा मार्ग. देणगीदार आणि माग यांच्यातला सरळ दुवा तुटला तशी सुतासाठी रोकड पुरवणारी माणसे मधे आली. कापूस कोणाच्या पैशाने घ्यायचा, हा प्रश्न जो सोडवतो त्याच्याच हाती कापडाचा नफा जातो. गोवर्धनच्या कोलिकांनी तो प्रश्न स्वतःच्या संघटनेच्या नावावर सोडवला होता, म्हणूनच व्याज ठरवताना राजाच्या जावयासमोरही त्यांना आपली अट घालता आली असावी.